आजारपणाचा खाडा कोणाच्या माथी?

साथीचा रोग श्रीमंत-गरीब असा भेद करीत नाही, हे वचन २०२० सालच्या मार्च महिन्यापासून पुढची दोन वर्षे सर्व व्यासपीठांवरून ऐकू येत होते. विषाणूपुरते ते खरे असेलही. मजुरीपुरते ते साफ खोटे ठरले. ताप आलेला बँकेतला अधिकारी पगारी रजा टाकून घरी राहिला. ताप आलेला कंत्राटी सफाई कामगार मात्र तापाची गोळी घेऊन कामावर गेला. कारण घरी राहणे म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणे. दोघांना रोग एकच झाला होता. फरक होता तो आजारपणाच्या दिवसांचे मोल कोणी द्यावयाचे, या एका प्रश्नाच्या उत्तरात. महामारी ओसरली, मुखपट्ट्या गेल्या, आकडेवारीची दैनंदिन पत्रके थांबली. परंतु हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला आहे. कामगार चळवळीने त्याचा नीट हिशेब मांडल्यावाचून पुढची साथ आली, तर तीच शोकांतिका पुन्हा घडेल.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांचे पहिले संघटक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ च्या सप्टेंबरमध्ये कामगारांच्या ज्या सभा झाल्या, त्यांतून सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे मागणीपत्र तयार झाले. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा, वेळेवर पगार या मागण्यांबरोबर त्यात आणखी एक मागणी होती. काम करताना जबर दुखापत झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो कायमचा अपंग होईल त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. रविवारच्या सुट्टीची मागणी १८९० मध्ये मान्य झाली व ती इतिहासात गाजली. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या मजुरीची मागणी मात्र विस्मरणात गेली. वस्तुतः आजाराच्या वेतनाच्या लढ्याचे मूळ या मागणीत आहे. मालकाने कामगाराचे आठ किंवा बारा तास विकत घेतलेले असतात, हे खरे. पण ते तास ज्या शरीरातून येतात त्या शरीराची जबाबदारी त्याने नाकारावी काय, हा प्रश्न लोखंड्यांनी त्या काळात विचारला होता.

पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला आणि अवघ्या पाच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, प्लेगग्रस्त कामगारांची सेवा करता करता लोखंडे त्याच रोगाला बळी पडले. हा कायदा अवघ्या चार कलमांचा. सरकारला विशेष अधिकार कोणते, आज्ञाभंग करणाराला शिक्षा कोणती आणि अधिकाऱ्यांना संरक्षण कोणते, हे सारे त्यात होते. ज्याला घरात डांबले त्याच्या चुलीचे काय, याविषयी एक अक्षरही नव्हते. परकीय सत्तेचा तो कायदा होता, तेव्हा त्यात नवल नाही. नवल याचे की, स्वातंत्र्याला ७२ वर्षे उलटल्यावर, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्र सरकारने आधार घेतला तो याच कायद्याचा. आणि २०२० मध्ये संसदेने त्यात दुरुस्ती केली ती आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना शिक्षा देण्यापुरती. ती आवश्यकच होती. परंतु विलगीकरणात ठेवलेल्या मजुराच्या वेतनाची तरतूद करावी असे तेव्हाही कोणाला सुचले नाही.

स्वतंत्र भारताने या बाबतीत काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. जर्मनीत १८८३ मध्ये व ब्रिटनमध्ये १९११ मध्ये आजारपणाच्या विम्याचे कायदे झाले. १९२७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने त्यासंबंधीचा करार संमत केला. भारतात प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सादर केला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. या अहवालाच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथून योजनेचा आरंभ झाला. आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम, क्षयासारख्या दीर्घ आजारांत ८० टक्क्यांच्या दराने दोन वर्षांपर्यंत मदत, शिवाय कुटुंबासह वैद्यकीय उपचार, अशी ही योजना आहे. दरिद्री देशाने स्वातंत्र्याच्या पहिल्या दशकात ती उभारली, ही साधी गोष्ट नव्हे. चळवळीने तिचे मोल कमी लेखू नये.

तथापि योजनेच्या भिंतीत जी भगदाडे आहेत, ती महामारीने उघडी पाडली. पहिले भगदाड वेतनमर्यादेचे. १ जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा महिना २१ हजार रुपये ठरली. महामारीच्या वर्षांत याहून हजार रुपये अधिक मिळविणारा यंत्रचालक योजनेबाहेर होता. आणि कारखाना कायद्यात सवेतन आजारी रजेची स्वतंत्र तरतूद कधीच नसल्यामुळे तो संपूर्णपणे मालकाच्या मर्जीवर किंवा युनियनच्या कराराच्या ताकदीवर अवलंबून होता. दुसरे भगदाड आस्थापनेच्या आकाराचे: दहापेक्षा कमी माणसे कामाला असली की सक्ती संपते. तिसरे प्रतीक्षेचे: आजाराच्या नव्या खेपेत पहिल्या दोन दिवसांचा लाभ मिळत नाही. साथीत हेच दोन दिवस सर्वांत मोलाचे. ताप येतो, माणूस विचार करतो की आजचा दिवस ढकलू, उद्याचे उद्या पाहू. आणि त्या दोन दिवसांत तो यंत्राशेजारच्या, लोकलच्या डब्यातल्या आणि चाळीतल्या माणसांना रोग देऊन मोकळा होतो.

चौथे भगदाड अधिक सूक्ष्म आहे. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली, तरच पुढील लाभकाळात आजारपणाची रक्कम मिळते. एप्रिल ते सप्टेंबर २०२० या वर्गणीकाळाचा लाभकाळ होता जानेवारी ते जून २०२१. पहिल्या काळात टाळेबंदीने कारखाने बंद होते, म्हणून अनेकांचे दिवस भरले नाहीत. दुसऱ्या काळात महामारीची दुसरी आणि अधिक भीषण लाट आली. म्हणजे सरकारी आदेशाने काम बंद झाले, त्याची शिक्षा कामगाराला पुढच्या वर्षीच्या आजारपणात मिळावयाची! विमा महामंडळाला अखेर ही अट शिथिल करावी लागली. मनात आणले तर नियम वाकतात, एवढे त्यावरून सिद्ध झाले. पण ज्या कामगाराचा ठेकेदार दरवर्षी बदलतो, ज्याच्या पगारातून वर्गणी कापली जाते पण भरली जात नाही, त्याला या शिथिलतेचा काय उपयोग?

हिशेब उदाहरणाने मांडलेला बरा. महिना १५ हजार रुपये मिळविणारा कामगार घ्या. रोज पाचशे रुपये पडले. चौदा दिवस घरी राहिल्यास त्याचे सात हजार रुपये बुडतात. योजनेत त्याचे नाव असेल, दिवस भरलेले असतील आणि दाखला वेळेवर मिळाला, तर दोन दिवस वगळून बारा दिवसांचे साडेतीनशे रुपयांप्रमाणे चार हजार दोनशे रुपये हाती येतात. खोलीचे भाडे, दुकानदाराची उधारी आणि गावी पाठवावयाचे पैसे या रकमेत कसेबसे भागतात. योजनेत नाव नसेल तर हाती येते शून्य. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९-२० च्या श्रमबल पाहणीनुसार बिगरशेती क्षेत्रातील नियमित पगारदारांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना कोणतीही पगारी रजा नव्हती. हे पगारदारांचे झाले. रोजंदार आणि स्वयंरोजगारी या पाहणीच्या त्या रकान्यात येतच नाहीत. अशा देशात ‘लक्षणे दिसताच घरी थांबा’ ही सूचना बहुसंख्य श्रमिकांच्या दृष्टीने उपाशी राहण्याची सूचना होती.

लढा झाला, पण कशासाठी?

महामारीत कामगार संघटना स्वस्थ बसल्या नव्हत्या, याची नोंद प्रथम केली पाहिजे. २० मार्च २०२० रोजी केंद्रीय श्रम मंत्रालयाने मालकांना कामगार काढू नका, वेतन कापू नका, असा सल्ला दिला. २९ मार्चला गृह मंत्रालयाने टाळेबंदीच्या काळातील वेतन कपातीविना देण्याचा आदेश काढला. मालकवर्ग सर्वोच्च न्यायालयात धावला. १८ मेपासून सरकारने आदेश मागे घेतला आणि १२ जून रोजी न्यायालयाने उभय पक्षांनी वाटाघाटी कराव्यात, मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे सांगितले. जो उपाशी आहे आणि ज्याच्याकडे गिरणीच्या किल्ल्या आहेत, अशा दोघांनी समान भूमिकेवरून वाटाघाटी कराव्यात, ही कल्पना न्यायाची म्हणण्यापेक्षा भाबडेपणाची म्हणावी लागेल. त्याच काळात, ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून गावाकडे पायी निघालेले १६ मजूर औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली चिरडले गेले. ते पोलाद कारखान्यात काम करीत होते. वेतन आणि अन्न यांची खात्री असती तर त्यांनी ती वाट धरली असती काय?

या अंधारात काही ठिकाणी संघटनेने उजेड पाडला. तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिरात कंत्राटी पद्धतीने राबणाऱ्या कामगारांची कामाची तयारी असूनही मंदिर बंद झाल्यामुळे त्यांचे वेतन अडले. राष्ट्रीय श्रमिक आघाडीने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागितली. १२ मे २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की अशा असाधारण परिस्थितीत ‘काम नाही तर दाम नाही’ हे तत्त्व लावता येणार नाही. आणि भोजन व प्रवास भत्ता वगळून मार्च, एप्रिल व मे महिन्यांचे पूर्ण वेतन देण्याची व्यवस्था करण्यास जिल्हाधिकाऱ्यांना बजावले. गुजरात सरकारने १७ एप्रिल २०२० रोजी कारखान्यांना बारा तासांची पाळी व जादा कामाला दुप्पट दराऐवजी साधाच दर, अशी मोकळीक दिली. गुजरात मजदूर सभेने ते आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी ती अधिसूचना रद्दबातल झाली. उत्तर प्रदेशात ८ मेची बारा तासांची अधिसूचना उच्च न्यायालयात आव्हान मिळताच आठवडाभरात मागे घेतली गेली. २२ मे रोजी दहा केंद्रीय संघटनांनी देशव्यापी निषेध केला; २६ नोव्हेंबरला सार्वत्रिक संप झाला.

महाराष्ट्रातील आशा सेविकांचा संप विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. घरोघर जाऊन रुग्ण शोधण्याचे जोखमीचे काम त्यांच्यावर सोपविले गेले. पण कायद्याच्या लेखी त्या कामगार नव्हेत, ‘स्वयंसेविका’. मोबदला मिळतो त्याला वेतन म्हणावयाचे नाही, मानधन म्हणावयाचे! १५ जून २०२१ पासून राज्यातील सुमारे ७० हजार आशा सेविकांनी काम थांबविले आणि आठवडाभराने एक हजार रुपयांची मानधनवाढ व पाचशे रुपये कोविड भत्ता पदरात पाडून घेतला. संघटनेवाचून हे पाचशे रुपयेही मिळाले नसते. पण साथीत घरोघर फिरणारी हीच स्त्री स्वतः आजारी पडली, तर तिच्या खाड्याचे काय, हा प्रश्न तडजोडीनंतरही बाकी राहिला.

नेमके येथेच चळवळीने आत्मपरीक्षण करावयास हवे. टाळेबंदीतील वेतन, कामाचे तास, कायद्यांची स्थगिती, मृत्यूनंतरची भरपाई या सर्व प्रश्नांवर संघटना लढल्या. आजाराचे वेतन ही मात्र देशव्यापी, स्वतंत्र आणि अग्रक्रमाची मागणी कधी झाली नाही. याचे कारण उघड आहे. संघटनांचा कणा असलेल्या कायम कामगारांना रजेचे करार होते. त्यांच्यापुरता प्रश्न सुटलेला होता. एकाच आवारात कायम कामगार पगारी रजेवर आणि त्याच्या शेजारचा कंत्राटी कामगार बिनपगारी घरी, हे दृश्य अनेक आस्थापनांत दिसले व त्याविरुद्ध गेटसभा फारशा झाल्या नाहीत. कायम कामगाराने आपला हक्क सोडावा, असा याचा अर्थ नव्हे. शेजाऱ्याला तोच हक्क मिळेपर्यंत आपलाही सुरक्षित नाही, एवढाच अर्थ आहे. साथीने हे शब्दशः सिद्ध केले: शेजारचा तापातही कामावर येतो, तोवर कायम कामगाराचे फुप्फुसही सुरक्षित नाही.

ब्रिटनचा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तेथे २०२० मध्ये वैधानिक आजारवेतन आठवड्याला अवघे ९५ पौंड ८५ पेन्स होते आणि आठवड्याला १२० पौंडांहून कमी मिळविणारे सुमारे वीस लाख कामगार त्यालाही मुकत. तेथील ट्रेड युनियन काँग्रेसने हाच मुद्दा धरून ठेवला. इतक्या रकमेत आपला स्वतःचा निर्वाह होणार नाही, अशी कबुली खुद्द आरोग्यमंत्र्यांना दूरचित्रवाणीवर द्यावी लागली. कोविडच्या काळापुरते पहिले तीन बिनपगारी दिवस रद्द झाले. साथ ओसरताच ते परत आले. संघटनांनी पाठपुरावा सोडला नाही आणि डिसेंबर २०२५ मधील रोजगार हक्क कायद्याने ते तीन दिवस व किमान कमाईची अट, दोन्ही कायमची काढण्याची तरतूद केली. साथ संपल्यावरही मागणी जिवंत ठेवली, म्हणून हे घडले.

आक्षेप आणि उत्तरे

या मागणीवर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की, पगारी आजारपण मिळाले तर कामगार खोटे दाखले आणतील. काही आणतीलही. पण लबाडी ही काही एका वर्गाची मिरासदारी नाही. करबुडव्या व्यापाऱ्यांमुळे कोणी व्यापार बंद करा म्हणत नाही. शिवाय आजारी असून कामावर येणाऱ्याने जे नुकसान होते, त्याचा हिशेब कोण ठेवतो? अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर हा खर्च बाहेर ढकलला जातो: मालकाचे वेतन वाचते आणि रुग्णालयाचा खर्च समाजाच्या माथी पडतो. म्हणूनच आजाराचे वेतन ही कामगारावरची मेहेरबानी नसून सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च आहे.

दुसरा आक्षेप लहान मालकांचा. तीन माणसांचा कारखाना एकाला पंधरा दिवस बसून पगार कसा देणार? ही अडचण खरी आहे. पण तिचे उत्तर महाराष्ट्रानेच दिलेले आहे. हमाल-माथाडींचा मालक कोण, हा प्रश्नच सुटत नव्हता; रोज दहा दुकानांचे ओझे वाहणाऱ्याला एक मालक नसतो. डॉ. बाबा आढाव, अण्णासाहेब पाटील आदींनी उभारलेल्या चळवळींच्या रेट्याने १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि मंडळ स्थापून, मजुरीवर ठरावीक लेव्ही सर्व व्यापाऱ्यांकडून वसूल करून त्यातून रजा, भविष्यनिर्वाह निधी आदी लाभ देण्याची पद्धत बसविली गेली. एकाचा भार अनेकांत वाटला की तो जड राहत नाही. हीच पद्धत लहान कारखाने, घरकामगार आणि मोबाईलवरील हुकुमावर घरपोच माल नेणारे तरुण यांना लावता येते. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत राज्याने नोंदणीकृत घरकामगारांना एकदाच पंधराशे रुपये दिले. ती मदत होती, हक्क नव्हता. हक्क आणि मदत यांतला फरक असा की, मदतीची वाट पाहावी लागते.

तिसरा आक्षेप निधीचा. पैसा कोठून आणावा? ज्या सरकारने १ जुलै २०१९ पासून, म्हणजे महामारीच्या अवघे नऊ महिने आधी, राज्य विम्याची एकूण वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणली, त्याने हा प्रश्न विचारू नये. मालकांचा वाटा ४.७५ वरून ३.२५ टक्क्यांवर आला. १५ हजार पगाराच्या कामगारामागे मालकाचे महिना २२५ रुपये वाचले. निधी कमी करावयाचा आणि मग निधी नाही म्हणावयाचे, ही युक्ती जुनी आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अंमलात आणल्या गेल्या आहेत. सामाजिक सुरक्षा संहितेत घरपोच सेवेच्या कामगारांचा उल्लेख प्रथमच झाला आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत असेही म्हटले आहे. पण त्यांना कर्मचारी म्हणून मान्यता नाही. त्यामुळे आजारपणाच्या वेतनाचा निश्चित हक्कही नाही. जे मिळेल ते योजना जाहीर होईल तेव्हा आणि सरकार ठरवील तितके. संहितांना विरोध चालू राहिलाच पाहिजे. पण विरोधाबरोबर काय हवे, हेही ठणकावून सांगितले पाहिजे.

ती मागणी थोडक्यात अशी: वेतनमर्यादेविना प्रत्येक श्रमिकाला आजारपणाचे वेतन, पहिल्या दिवसापासून, साथीच्या विलगीकरणात पूर्ण वेतन, दहाच्या आतील आस्थापना व विखुरलेले श्रमिक यांच्यासाठी लेव्हीवर चालणारी मंडळे, आणि मालकांचा वर्गणीचा वाटा पूर्ववत. कार्यकर्त्यांना यासाठी दिल्लीच्या निर्णयाची वाट पाहावयास नको. प्रत्येक वस्तीतील, प्रत्येक ठेकेदाराकडील कामगाराकडे विमा क्रमांक आहे काय, कापलेली वर्गणी भरली गेली काय, याची तपासणी उद्यापासून करता येईल. प्रत्येक कायम कामगारांच्या युनियनने आपल्या पुढील मागणीपत्रात त्याच आवारातील कंत्राटी कामगारांच्या आजारी रजेचे कलम घालावे. हे काम मोर्चाइतके डोळ्यांत भरणारे नाही. त्याला वही, पेन्सिल आणि चिकाटी लागते. परंतु साथ दारात आल्यावर वह्या उघडून उपयोग नसतो. ज्याचे नाव साथीआधी नोंदले गेले, त्यालाच साथीत घरी थांबता येते.